मायकल जॅक्सनचा अंधेरीतील कार्यक्रम (१९९६)

मायकल जॅक्सनचा अंधेरीतील कार्यक्रम हा अमेरिकन पॉप गायक व नर्तक मायकल जॅक्सन (१९५८–२००९) याने १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबई उपनगरातील अंधेरी (पश्चिम) येथील शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलाच्या मैदानावर सादर केलेला गायन-नृत्याचा कार्यक्रम होता. ‘हिस्ट्री’ या त्याच्या जागतिक दौऱ्यातील हा एक मुक्काम होय. भारतात झालेली जॅक्सनची ही एकमेव मैफल ठरली.

कार्यक्रमाचे आयोजन विझक्राफ्ट या खाजगी कंपनीने केले होते आणि त्याचे उत्पन्न शिवसेनेशी संलग्न असलेल्या शिव उद्योग सेना या संस्थेच्या कार्यासाठी वापरले जाईल, असे जाहीर करण्यात आले होते. तत्कालीन राज्य सरकारने कार्यक्रमाच्या तिकिटांवरील करमणूक शुल्क माफ केले. या माफीला मुंबई ग्राहक पंचायतीने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. कार्यक्रम एका संध्याकाळी संपला, परंतु त्याच्या तिकिटांवरील कराचा प्रश्न पुढे चोवीस वर्षांहून अधिक काळ प्रलंबित राहिला. राज्याच्या मंत्रिमंडळाने त्यावर जानेवारी २०२१ मध्ये निर्णय घेतला.

हिस्ट्री दौरा

‘हिस्ट्री’ हा जॅक्सनचा एकल कलाकार म्हणून तिसरा आणि अखेरचा जागतिक दौरा. पहिला ‘बॅड’ दौरा १९८७ ते १९८९ या काळात, तर दुसरा ‘डेंजरस’ दौरा जून १९९२ ते नोव्हेंबर १९९३ या काळात झाला. दुसऱ्या दौऱ्यात बँकॉक, सिंगापूर, तैपेई ही आशियाई शहरे होती. भारत मात्र दोन्ही वेळा वगळला गेला होता. जून १९९५ मध्ये जॅक्सनचा ‘हिस्ट्री’ हा जोडसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या तबकडीवर जुनी लोकप्रिय गाणी होती, तर दुसरीवर नवी. या संग्रहाच्या प्रसारासाठी आखलेला दौरा ७ सप्टेंबर १९९६ रोजी प्राग येथे सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९९७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संपला. या अवधीत पाच खंडांतील ३५ देशांत ८२ कार्यक्रम झाले.

दौऱ्याचा आराखडा पाहिला असता त्याचा भर अमेरिकेबाहेरील, विशेषतः तोवर अशा कार्यक्रमांपासून दूर राहिलेल्या शहरांवर होता, हे लक्षात येते. अमेरिकेत केवळ हवाई बेटांवरील होनोलुलू येथे दोन कार्यक्रम झाले. पहिल्या टप्प्यात बुडापेस्ट, बुखारेस्ट, मॉस्को, वॉर्सा अशी साम्यवादी राजवटींच्या पतनानंतर नुकतीच खुली झालेली शहरे होती. त्यानंतर ट्युनिस, सोल, तैवान, सिंगापूर आणि क्वालालंपूर असा प्रवास करीत दौरा मुंबईत पोहोचला. मुंबईनंतर लगेच ५ नोव्हेंबरला बँकॉकचा कार्यक्रम होता. क्वालालंपूरचा शेवटचा कार्यक्रम २९ ऑक्टोबरला झाला होता. म्हणजे मुंबईच्या वाट्याला जेमतेम काही दिवस आले. यावरून एखाद्या आंतरराष्ट्रीय दौऱ्याचे अर्थकारणही कळते. अशा दौऱ्यात कलाकारासह वादक, नर्तक, तंत्रज्ञ, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा आणि रंगमंचाचे सांगाडे असा सारा फौजफाटा फिरत असतो. या सामानासाठी अँतोनोव्ह-१२४ जातीची अजस्र मालवाहू विमाने वापरण्यात आली. ही विमाने जमिनीवर जितके दिवस थांबतील, तितका खर्च वाढतो. त्यामुळे एखादे शहर दौऱ्यात येणार की नाही, हे तेथील चाहत्यांच्या संख्येइतकेच ते शहर आधीच्या व नंतरच्या मुक्कामांच्या वाटेवर पडते की नाही यावरही अवलंबून असते. आग्नेय आशियाच्या फेरीतील दोन मुक्कामांच्या मधल्या जागेत मुंबई बसली.

पार्श्वभूमी

मार्च १९९५ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार सत्तेवर आले आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ‘बॉम्बे’ हे शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे बदलून ‘मुंबई’ करण्यात आले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे पुतणे राज ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या शिव उद्योग सेनेचा घोषित उद्देश मराठी तरुणांना रोजगार व व्यवसायासाठी साहाय्य करणे हा होता. जॅक्सनचा कार्यक्रम या संस्थेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने जाहीर करण्यात आला.

हा काळ दूरचित्रवाणीच्या दृष्टीनेही संक्रमणाचा होता. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर केबलच्या तारा चाळींतून आणि सोसायट्यांतून पसरल्या होत्या. चॅनल व्ही १९९४ पासून दिसत होते आणि एमटीव्हीची स्वतंत्र भारतीय वाहिनी ऑक्टोबर १९९६ मध्येच सुरू झाली. जॅक्सन मात्र त्याआधीच परिचयाचा होता. १९८३ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्याने प्रथम सादर केलेली, पुढे चालण्याचा भास निर्माण करीत मागे सरकण्याची ‘मूनवॉक’ ही चाल व्हिडिओ कॅसेटींच्या द्वारे भारतात पोहोचली होती. जावेद जाफरी, प्रभुदेवा यांच्यासारख्या नर्तकांनी ही शैली हिंदी व दाक्षिणात्य चित्रपटांत रुजवली. गणेशोत्सवातील नृत्यस्पर्धांत काळी टोपी आणि एका हातात पांढरा मोजा घालून उतरणाऱ्या मुलाला कोणाची नक्कल चालली आहे हे सांगावे लागत नसे.

त्यापूर्वीही पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम मुंबईत होत असत. ‘द पोलीस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९८० साली धोबीतलाव येथील रंगभवनात कार्यक्रम केला होता. तथापि असे कार्यक्रम प्रामुख्याने दक्षिण मुंबईत आणि इंग्रजी शिक्षित श्रोत्यांपुरते मर्यादित असत. १९९६ चा कार्यक्रम आकाराने आणि स्थळाच्या निवडीने वेगळा होता.

स्थळ

अंधेरीतील वीरा देसाई मार्गावरील शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे यांचे नाव त्याला देण्यात आले असले, तरी बोलण्यात ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ हेच नाव रूढ आहे. हे संकुल १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. अंधेरी हे मूळचे साष्टी बेटावरील गाव असून १९५० साली ते बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. बोरिवली, मुलुंड हा पुढचा पट्टा १९५७ साली आला. शहर आणि उपनगर यांचे दोन वेगळे महसुली जिल्हे १ ऑक्टोबर १९९० रोजी करण्यात आले. ही शासकीय विभागणी प्रस्तुत विषयात महत्त्वाची ठरते, कारण करमणूक शुल्काची वसुली जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत होती.

वानखेडे आणि ब्रेबोर्न ही दक्षिण मुंबईतील मोठी मैदाने मुख्यतः क्रिकेटची आहेत. खेळपट्टीवर जड रंगमंच उभारणे आणि हजारो प्रेक्षकांना गवतावर उभे करणे क्रिकेटच्या मैदानांना सहसा परवडत नाही. अंधेरीच्या मैदानाला ही अडचण नव्हती. शिवाय सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरीतच, रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आहे. प्रेक्षकांसाठी मात्र पश्चिम रेल्वेचे अंधेरी स्थानक आणि तेथून बेस्टची बस किंवा रिक्षा हाच मार्ग होता. घाटकोपर, मुलुंड येथील प्रेक्षकांना दादरला गाडी बदलून किंवा साकीनाक्याच्या वाहतुकीतून रस्त्याने यावे लागे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो, जिचे आझाद नगर स्थानक या संकुलाजवळ आहे, जून २०१४ मध्ये सुरू झाली. २०१६ पासून या संकुलातील मैदान ‘मुंबई फुटबॉल अरेना’ या नावाने व्यावसायिक फुटबॉलसाठीही ओळखले जाऊ लागले.

आगमन व सादरीकरण

जॅक्सन ३० ऑक्टोबर १९९६ रोजी मुंबईत दाखल झाला. सहार विमानतळावर अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी मराठमोळ्या वेषात कुंकुमतिलक लावून त्याचे स्वागत केले. या स्वागताचे छायाचित्र पुढील अनेक वर्षे पुनःपुन्हा छापले गेले. राज ठाकरे स्वागतासाठी उपस्थित होते. विमानतळापासून नरिमन पॉइंट येथील ओबेरॉय हॉटेलपर्यंतच्या मार्गावर दुतर्फा गर्दी लोटली होती.

मुक्कामात जॅक्सनने वांद्रे (पूर्व) येथील कलानगरात बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ या निवासस्थानी भेट दिली. त्याने तेथील स्वच्छतागृह वापरल्याची गोष्ट वृत्तपत्रांत गाजली आणि स्वतः ठाकरे यांनीही ती मिश्कीलपणे सांगितली. या भेटीविषयी नंतर जे लिहिले गेले, त्यात या एका तपशिलाने इतर सर्व बाबींवर मात केली, ही खेदाचीच बाब. कारण भेटीचा खरा अर्थ राजकीय होता. भूमिपुत्रांच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या पक्षाच्या प्रमुखाच्या घरी जगातील सर्वांत प्रसिद्ध पॉप गायक आला होता आणि तोही मराठी तरुणांच्या रोजगारासाठी निधी उभारण्याच्या निमित्ताने.

कार्यक्रमाचे स्वरूप दौऱ्यातील अन्य ठिकाणांप्रमाणेच होते. आरंभी पडद्यावर अवकाशप्रवासाचे चित्रण दिसे, त्यानंतर रंगमंचावर एक यान अवतरत असे आणि त्यातून सोनेरी पोशाखातील जॅक्सन बाहेर येई. ‘यू आर नॉट अलोन’ या गाण्याच्या वेळी प्रेक्षकांतील एका युवतीला मंचावर बोलावले जाई. ‘अर्थ साँग’ या पर्यावरण व युद्धविषयक गाण्यात मंचावर रणगाडा येई, त्यातून उतरलेल्या सैनिकाला एक लहान मूल फूल देई आणि सैनिक गुडघे टेकून शस्त्र खाली ठेवी. अखेरच्या गाण्यात विविध देशांचे ध्वज फडकवले जात. ध्वनी, प्रकाश, आतषबाजी आणि यांत्रिक हालचाली यांचा इतका काटेकोर मेळ घातलेला खुला कार्यक्रम मुंबईच्या प्रेक्षकांनी पूर्वी पाहिला नव्हता. भारतातील कार्यक्रम-व्यवस्थापनाच्या व्यवसायात या संध्याकाळचा उल्लेख आजही एक टप्पा म्हणून केला जातो.

सांस्कृतिक वाद

कार्यक्रमाच्या घोषणेनंतर टीकाही झाली. भारतीय संस्कृतीच्या रक्षणाची भाषा करणारा पक्ष पाश्चात्त्य पॉप गायकाचे स्वागत कसे करतो, हा टीकेचा मुख्य रोख होता. जॅक्सनवर १९९३ साली झालेल्या आरोपांचाही उल्लेख करण्यात आला. त्या प्रकरणाची सांगता न्यायालयाबाहेरील तडजोडीने झाली होती आणि फौजदारी खटला उभा राहिला नव्हता. बाळासाहेब ठाकरे यांनी टीकेला उत्तर देताना जॅक्सन हा थोर कलाकार असल्याचे आणि अमेरिकेतील काही मूल्ये स्वीकारण्यात भारताने संकोच करू नये असे मत मांडले.

या वादाकडे त्या महिन्यातील दुसऱ्या घटनेसोबत पाहावे लागते. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी बंगळूर येथे झालेल्या जागतिक सौंदर्यस्पर्धेला स्त्रीवादी संघटनांपासून शेतकरी संघटनांपर्यंत अनेकांनी तीव्र विरोध केला आणि ती कडक बंदोबस्तात पार पाडावी लागली. अंधेरीत तसे काही घडले नाही. ज्यांच्याकडून विरोधाची शक्यता अधिक होती, तेच येथे यजमानांच्या बाजूला होते, हे त्याचे एक उघड कारण होय.

तिकिटे व करमणूक शुल्क

१९९६ साली तिकीटविक्री संपूर्णपणे कागदी होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली असली, तरी तिचा तिकीटविक्रीशी संबंध नव्हता. तिकिटे ठरावीक विक्रीकेंद्रांवरून प्रत्यक्ष जाऊन घ्यावी लागत आणि जवळचे, दूरचे व विशेष आसनांचे विभाग त्यांच्या दरांवरून ओळखले जात.

अशा प्रत्येक तिकिटाच्या किमतीत दोन भाग असत. एक प्रवेशमूल्य, जे आयोजकाला मिळे आणि दुसरा करमणूक शुल्क, जे आयोजक सरकारच्या वतीने गोळा करी. हे शुल्क १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमान्वये आकारले जात होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली ब्रिटनने युद्धखर्चासाठी करमणुकीवर कर बसवला होता आणि मुंबई इलाख्याचा कायदा त्याच घराण्यातला. चित्रपटगृहे, सर्कस, जत्रेतील खेळ, घोड्यांच्या शर्यती, वाद्यवृंद अशा सर्व सशुल्क करमणुकींना तो लागू होता. शुल्क भरले गेले याची खूण म्हणून तिकिटावर सरकारी मुद्रांक किंवा शिक्का असणे, अथवा विकलेल्या तिकिटांचा हिशेब देऊन रक्कम भरणे, अशी पद्धत होती. त्यामुळे प्रेक्षकाच्या हातातील तिकीट ही एकाच वेळी प्रवेशाची परवानगी आणि कर भरल्याची पावती असे.

कायद्यात माफीचीही तरतूद होती. ज्या कार्यक्रमाचे उत्पन्न धर्मादाय कार्याला दिले जाते, किंवा जो शैक्षणिक स्वरूपाचा आहे, अशांना सवलत मिळू शके. त्याखेरीज विशिष्ट करमणुकीला आदेशाद्वारे सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे होता. मराठी नाटकांना आणि काही निवडक चित्रपटांना अशी सूट मिळाल्याचे वाचकांना परिचित आहे. चित्रपट ‘करमुक्त’ झाला की तिकीट स्वस्त होते, असा सर्वसाधारण अनुभव असे.

मैफलीच्या बाबतीत मात्र माफीचा परिणाम इतका सरळ नसतो. उदाहरणार्थ, तिकिटाचे मूळ प्रवेशमूल्य १,००० रुपये आणि शुल्काचा दर २५ टक्के आहे असे मानले, तर प्रेक्षक १,२५० रुपये देतो आणि त्यातील २५० रुपये सरकारचे असतात. शुल्क माफ झाल्यावर हे २५० रुपये तीनपैकी एका ठिकाणी जातात. तिकीट १,००० रुपयांना विकले गेले तर ते प्रेक्षकाच्या खिशात राहतात. १,२५० ही किंमत कायम ठेवली तर ते आयोजकाकडे किंवा ज्याच्यासाठी कार्यक्रम केला त्या संस्थेकडे जातात. म्हणूनच माफीचा आदेश देताना ती कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या फायद्यासाठी दिली जात आहे, हे तपासणे सरकारवर बंधनकारक ठरते. जॅक्सनच्या कार्यक्रमात आयोजक खाजगी कंपनी होती, निधी मिळणारी संस्था सत्ताधारी पक्षाशी संलग्न होती आणि माफी देणारे सरकार त्याच पक्षाच्या नेतृत्वाखाली होते. सवलतीची रक्कम सव्वातीन कोटी रुपयांहून अधिक होती. वादाचे मूळ या तीन बाबींच्या एकत्र येण्यात होते.

न्यायालयीन लढा

माफीच्या निर्णयाला मुंबई ग्राहक पंचायतीने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७५ साली स्थापन झालेली ही संस्था मध्यमवर्गीय कुटुंबांना घाऊक दराने किराणा व गृहोपयोगी वस्तू पुरवणारी सहकारी स्वरूपाची चळवळ म्हणून प्रथम ओळखली गेली. शेजारच्या दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन महिन्याची यादी द्यायची आणि आलेला माल एकमेकांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत गिरगावपासून बोरिवली-डोंबिवलीपर्यंत रुजली. पुढे तिने ग्राहकहक्कांच्या अनेक प्रश्नांवर न्यायालयीन लढे दिले. साखर-डाळीचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने पॉप मैफलीच्या कराचा प्रश्न हाती घेणे वरवर विसंगत वाटेल. पण माफ केलेला कर हा सार्वजनिक तिजोरीतून केलेला खर्चच असतो, आणि हिशेब मागण्याची सवय या संस्थेच्या रोजच्या व्यवहारातच होती.

वादग्रस्त शुल्काची रक्कम न्यायालयीन प्रक्रियेत जमा राहिली. ती आयोजकाला मिळेना आणि सरकारलाही खर्च करता येईना. दरम्यान बरेच काही बदलले. १९९९ साली युतीचे सरकार गेले आणि काँग्रेस-राष्ट्रवादी काँग्रेस आघाडीचे सरकार आले. राज ठाकरे यांनी शिवसेना सोडून मार्च २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची स्थापना केली. २५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिस येथे जॅक्सनचे निधन झाले. याचिका मात्र प्रलंबित होती.

२०११ साली उच्च न्यायालयाने माफीचा १९९६ चा निर्णय रद्द ठरवला. निर्णय घेताना सरकारने विषयाचा पुरेसा विचार केला नव्हता, असा न्यायालयाच्या निष्कर्षाचा आशय होता. पण न्यायालयाने कर वसूल करा, असा अंतिम आदेश न देता प्रश्न नव्याने विचारासाठी सरकारकडे परत पाठवला. प्रशासकीय कायद्यातील हा परिचित मार्ग आहे. अधिकार सरकारचा असेल तर न्यायालय सहसा स्वतः तो वापरत नाही. तो कसा वापरला गेला एवढेच तपासते. सूट देण्याचा सरकारचा अधिकार अबाधित राहिला, फक्त तो सकारण वापरणे आवश्यक ठरले. त्याचा परिणाम असा, की याचिकाकर्त्यांना यश मिळूनही मूळ प्रश्न जेथून निघाला तेथेच, मंत्रालयात, परत आला.

त्यानंतरचे दशक फेरविचाराविना गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली महाविकास आघाडीचे सरकार सत्तेवर आले. या सरकारच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये १९९६ च्या कार्यक्रमाचे करमणूक शुल्क माफ करण्याचा आणि जमा असलेली सुमारे ३ कोटी ३३ लाख रुपयांची रक्कम विझक्राफ्टला परत करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी करोनाच्या साथीमुळे राज्याचा महसूल घटला होता आणि चित्रपटगृहे-नाट्यगृहे नुकतीच मर्यादित क्षमतेने उघडली होती. त्यामुळे या निर्णयाच्या वेळेविषयीही चर्चा झाली. ज्या कायद्याखाली हे शुल्क आकारले जात होते, तो कायदा तोवर मैफलींच्या तिकिटांपुरता इतिहासजमा झाला होता.

नंतरच्या काळातील कार्यक्रम व तिकीटविक्री

१९९६ नंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय मैफलींचे मुंबईतील केंद्र अंधेरीहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे आणि नवी मुंबईकडे सरकले. वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएच्या मैदानावर २००७ साली रॉजर वॉटर्सचा कार्यक्रम झाला. जस्टिन बीबर (१० मे २०१७) आणि यू टू (१५ डिसेंबर २०१९) यांचे कार्यक्रम नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई असल्याने हे कार्यक्रम सायंकाळी लवकर सुरू करण्याची पद्धत पडली. निवासी वस्तीच्या मधोमध असलेल्या मैदानांना याची झळ अधिक बसते.

करमाफीचा प्रश्न १९ नोव्हेंबर २०१६ रोजी एमएमआरडीए मैदानावर झालेल्या ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सवाच्या वेळी पुन्हा निघाला. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचा सहभाग असलेल्या या महोत्सवाची बरीच प्रवेशपत्रे सामाजिक उपक्रमांत भाग घेऊन गुण मिळवणाऱ्यांना विनामूल्य होती, तर काही विकली गेली. राज्य सरकारने त्याला करमणूक शुल्कात सूट दिली आणि त्यावर टीकाही झाली. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात विलीन झाला. मैफलीच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट असते, त्याहून महाग तिकिटावर तो आकारला जातो. त्याचे दर व सवलती केंद्र व राज्ये यांच्या संयुक्त परिषदेच्या शिफारशीवरून ठरतात. एखाद्या राज्याच्या मंत्रिमंडळाने एका मैफलीपुरती करमाफी जाहीर करण्याचा जुना मार्ग त्यामुळे उरला नाही.

वादाचा विषय आता करावरून विक्रीच्या पद्धतीवर आला आहे. कोल्डप्लेच्या जानेवारी २०२५ मधील नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुक माय शो या संकेतस्थळावर विक्रीस आली. दर २,५०० ते ३५,००० रुपये होते. मागणी पाहून आधी ठरलेल्या १८ व १९ जानेवारीच्या कार्यक्रमांत २१ जानेवारीची भर घालण्यात आली. १ कोटी ३० लाख लोकांनी या विक्रीसाठी प्रवेश केल्याचे कंपनीने सांगितले. स्टेडियमची एका कार्यक्रमाची क्षमता काही दहा हजारांतच मोजली जाते, तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला आभासी रांगेतील क्रमांकच आला. थोड्याच वेळात तीच तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरातील किमतींना दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने विक्रेत्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना चौकशीसाठी बोलावले आणि सक्तवसुली संचालनालयाने अनेक ठिकाणी झडती घेतली.

कागदी तिकिटाचा काळाबाजार करणाऱ्याला चित्रपटगृहाबाहेर उभे राहावे लागे. त्याला पकडणे शिपायालाही शक्य होते. ऑनलाइन विक्रीत स्वयंचलित प्रणाली वापरून क्षणार्धात अनेक तिकिटे घेता येतात, आणि पुनर्विक्री करणारे संकेतस्थळ दुसऱ्या देशात नोंदलेले असू शकते. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने अधिकृत विक्रेता कोण आहे हे आयोजकाच्या घोषणेवरून पाहणे, तिकिटावर खरेदीदाराचे नाव व ओळखपत्राची अट आहे का हे तपासणे आणि पुनर्विकलेले तिकीट प्रवेशद्वारावर रद्द ठरू शकते हे ध्यानात ठेवणे, एवढेच उपाय सध्या हाती आहेत. ऑनलाइन तिकिटांच्या काळाबाजाराला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखावीत, अशी मागणी करणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. हा विषय कायदे करणाऱ्यांच्या कक्षेतील असल्याचे सांगून न्यायालयाने ती जानेवारी २०२५ मध्ये, कोल्डप्लेच्या कार्यक्रमांच्या काही दिवस आधी, फेटाळली.